एकवीस पट्ट्यांची मरिंबा: चौदा महिने वाजवल्यानंतर

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी मरिंबा आली, काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य. दीड मीटर लांब, एकवीस पट्ट्यांची, चोंटा ताडाची. तेव्हापासून तिच्यावर हात फिरवला नाही असे दिवस बोटांवर मोजता येतील. ज्यांना हे वाद्य घ्यायचं आहे, किंवा ते आत-बाहेरून कसं असतं एवढं तरी जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घेण्याआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं असं बरंच काही आहे.

माझ्याबद्दल थोडं, कारण त्याचा पुढे संबंध येतो. नवरा साखर कारखान्यांच्या यंत्रांच्या कामात आहे, म्हणून आम्ही चार वर्षांपासून कोलंबियातल्या काली शहरात राहतो. शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. माझे वडील कीर्तनाला पेटीची साथ करायचे आणि मी सातव्या वर्षापासून पेटी वाजवते. म्हणजे माझा कान पेटीवर तयार झालेला. या मरिंबेने सगळ्यात आधी त्या कानालाच हात घातला.

वाद्य असं आहे. काळपट, कठीण, रेषारेषांच्या चोंटा ताडाच्या पट्ट्या लाकडी घोडीवर दोरीने ओवून आडव्या मांडलेल्या असतात. प्रत्येक पट्टीखाली ग्वादुआ नावाच्या जाड बांबूची एक नळी उभी टांगलेली असते, तोंड वर, तळाला बांबूचंच पेर, म्हणजे बूच आपोआप. पट्टी वाजली की नळीतली हवा तोच सूर धरून घुमते. नळीची लांबी सुराच्या लहरीच्या एक चतुर्थांश लागते. २२० कंपनांच्या सुराला साधारण ३९ सेंटिमीटर, त्याच्या वरच्या सप्तकात बरोबर निम्मी. माझ्या मरिंबेची सर्वात लांब नळी पाऊण मीटरच्या आसपास आहे, सर्वात आखूड माझ्या वितीच्या निम्मी. वाजवायच्या काठ्यांच्या टोकांना कच्च्या रबराचे गोळे असतात. पूर्वी ही मरिंबा घराच्या आढ्याला दोरांनी टांगलेली असायची. शहरात आता घोडीच.

कोलंबियाच्या दक्षिण पॅसिफिक किनाऱ्यावर, गुआपी, तिंबिकी, बुएनावेंतुरा, तुमाको या पट्ट्यात, हे वाद्य घराघरातलं. सोन्याच्या खाणींसाठी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचा हा मुलूख. कोलंबियात गुलामी कायद्याने उठली १८५१ साली, आणि अंमल सुरू झाला तो १८५२ च्या पहिल्या दिवसापासून. पाद्र्यांनी मरिंबेला सैतानाचं वाद्य ठरवलं आणि धाकाने लोकांनी ती नदीत सोडून दिली, अशा गोष्टी त्या नद्यांच्या काठी अजून सांगितल्या जातात. त्याच मरिंबेचं संगीत आणि तिच्याबरोबरची गाणी युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, आणि २०१५ साली शेजारच्या इक्वेडोरमधला एस्मेराल्दास प्रांतही त्यात जोडला.

माझा कारागीर गुआपीचा. गुआपीला देशाच्या आतल्या भागातून रस्त्याने जाताच येत नाही. विमान, नाहीतर बोट. पंचवीसेक वर्षांपूर्वी बंदुकांच्या भीतीने त्याचं कुटुंब गाव सोडून कालीच्या पूर्वेकडच्या आग्वाब्लांका भागात आलं. त्या काळात पॅसिफिक किनाऱ्यावरून अशी किती घरं आली, त्या भागात फिरलं की कळतं. कारागिराचं नाव-पत्ता इथे देत नाही, कारण वर्षाला ते मोजक्याच मरिंबा करतात आणि न पाहता, न ऐकता फोनवर दिलेल्या ऑर्डरी त्यांना नको असतात. मी त्यांना माएस्त्रो म्हणते, ते मला वेसीना म्हणतात, म्हणजे शेजारीणबाई. आम्ही शहराच्या दोन टोकांना राहतो तरी.

पहिल्या भेटीत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पियानोसारखी लावू, का आमच्यासारखी?"

हा प्रश्न मरिंबा घेणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा. बाकी सगळं दुरुस्त करता येतं, हे नाही. आज कालीत विकल्या जाणाऱ्या बहुतेक मरिंबा पियानोच्या सुरांत लावलेल्या असतात. त्यामागे कारण आहे. सॅक्सोफोन, गिटार, कीबोर्ड यांच्याबरोबर वाजायचं तर सूर त्यांच्याशी जुळायला हवेत. गुआपीचेच उगो कांदेलारियो गोन्सालेस यांनी ग्रूपो बाइया काढून मरिंबा आणि सॅक्सोफोन एका मंचावर आणले. एरेन्सिया दे तिंबिकी हा बँड २०१३ साली चिलीच्या विन्या देल मारच्या महोत्सवात लोकसंगीताची स्पर्धा जिंकून आला. ही दारं पियानोच्या सुरांमुळे उघडली, आणि ती उघडली म्हणूनच माझ्यासारखी बाई माएस्त्रोंच्या अंगणात पोहोचली. या मरिंबांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही.

पण मी म्हणाले, "तुमच्यासारखी."

जुन्या लावणीत सप्तकातले सातही सूर जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. आपल्याकडे पेटीवाल्याला हे पटकन कळेल असं सांगते: मध्यम आणि पंचम ओळखीच्या जागेच्या अगदी जवळ येतात, पण गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या बरोबर मधला. धैवत तसाच. निषाद कोमलापेक्षा किंचित वर. आणि हे काही मोजपट्टीने ठरलेलं नाही. नदीगणिक, कारागिरागणिक थोडं इकडे-तिकडे होतं. पहिल्या दिवशी तो गंधार ऐकल्यावर माझ्या पोटात कालवलं. पेटीचा एखादा स्वर उतरला की होतं तसंच. वडील असते तर त्यांनी तिथल्या तिथे स्क्रू ड्रायव्हर मागितला असता.

पट्ट्या लावताना मी मुद्दाम दोन शनिवार तिथे जाऊन बसले. ते जे पाहिलं ते तपशीलवार सांगते, कारण पैसे खऱ्या अर्थाने कशाचे पडतात हे तिथे दिसतं.

माएस्त्रोंच्या हातात एक आखूड कोयता आणि एक कानस. पट्टीच्या पोटाला मधोमध तासलं की सूर उतरतो, टोकांना तासलं की चढतो. एक पट्टी उचलायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात अलगद लोंबती धरायची, रबरी काठीने एक टोला द्यायचा, ऐकायचं. दोन-तीन फटके तासायचे, पुन्हा टोला. भुसा त्यांच्या गुडघ्यांवर साचत होता, काळा-पिवळा, तंतूतंतूंचा. यंत्र नाही, फोनवरचं ट्यूनर नाही. आत स्वयंपाकघरात त्यांच्या आई हिरवी केळी सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. मी त्यांना आबुएला म्हणते, आजी. टोला पडला की आजी आतून तो सूर गळ्यात घ्यायच्या आणि त्याच्यापुढे गाण्याची अर्धी ओळ म्हणून बघायच्या. ओळ सुखाने पुढे सरकली तर त्या गप्प आपलं काम करत राहायच्या. अडली तर म्हणायच्या, "अजून नाही."

सातव्या पट्टीला आजी पाच वेळा "अजून नाही" म्हणाल्या. माएस्त्रोंनी पाचही वेळा चकार शब्द न काढता ती पुन्हा मांडीवर घेतली. सहाव्या वेळी आतून काहीच आवाज आला नाही, फक्त केळ्याची साल पातेल्यात पडल्याचा. तेव्हा त्यांनी पट्टी दोरीत ओवली.

म्हणजे ही मरिंबा माझ्या कारागिराच्या आईच्या गळ्याला लावलेली आहे. बाईच्या गळ्यात ओळ जिथे सुखाने बसते, तिथे सूर. मी आयुष्यभर गळा पेटीला जुळवत आले. इथे वाद्य गळ्याला जुळवलं जात होतं. आपल्याकडे पेटीवर जुन्या गवयांचा रोष का होता, हे मी वडिलांकडून शंभर वेळा ऐकलं होतं; कळलं ते आग्वाब्लांकातल्या त्या अंगणात.

किंमत बावीस लाख पेसो. त्यात घोडी, चार काठ्या आणि सहा शनिवारची शिकवणी आली. याहून स्वस्त मरिंबा मिळतात, कमी पट्ट्यांच्या, शोभेच्या तर कितीतरी स्वस्त. त्या भिंतीला लावायच्या. मी पैसे दोन हप्त्यांत दिले आणि पूर्ण वसूल झाले असं मानते.

आता तक्रारी. मार्चअखेरचा वायदा होता, आली एप्रिलच्या शेवटी. चार आठवड्यांत तीन वेळा मी फोन केला आणि तिन्ही वेळा "चंद्र उतरू दे" हे एकच उत्तर मिळालं. चोंटा आणि ग्वादुआ उतरत्या चंद्रात तोडायचे, म्हणजे कीड लागत नाही, असा तिकडचा नेम. आपल्याकडेही बांबू अंधाऱ्या पक्षात तोडतात, तेव्हा मला ते पटलं, पण हे आधी सांगितलं असतं तर माझी चिडचिड वाचली असती. त्यात एवढा नेम पाळूनही दोन नळ्यांना जूनमध्ये कीड लागलीच. सकाळी फरशीवर पिठासारखा बारीक भुसा दिसायचा. माएस्त्रोंनी त्या नळ्या विनातक्रार, विनापैसे बदलून दिल्या, पण पट्टीपेक्षा नळ्यांकडे लक्ष द्या हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. घेताना प्रत्येक नळी उन्हात धरून टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का बघा.

दुसरी गोष्ट हवेची. गुआपीला जवळजवळ रोज पाऊस; काली हजारेक मीटर उंचीवर, कोरडं. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत पट्ट्या वाळतात आणि सूर चढतात. माझ्या तीन पट्ट्या चढल्या, वरच्या सप्तकातल्या. खिडकीतलं ऊन थेट अंगावर येऊ देऊ नका. मी आता खोलीत पाण्याचं भांडं ठेवते आणि आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने नळ्या पुसते, पट्ट्या नाही. स्वतः कानस घेऊन बसण्याचा मोह होतो. बसू नका. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

तिसरी तक्रार काठ्यांची. रबराचे गोळे सहा महिन्यांत सैल झाले आणि एक तर वाजवता-वाजवता उडून नवऱ्याच्या चहात पडला. काठ्यांचा जादा जोड सुरुवातीलाच मागून घ्या.

नाद कसा आहे? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पाण्यासारखा वाटतो आणि ते बरोबरच आहे. ठोका लाकडाचा, कोरडा, दाणेदार. त्याच्यामागून नळीतून येणारी आस, म्हणजे सुराचं रेंगाळणं, गोल, ओलं. आस फार लांबत नाही. पेटीसारखा सूर धरून बसता येत नाही, म्हणून हात थांबवून चालत नाही. खालच्या सात-आठ पट्ट्यांचा खर्ज छातीत ऐकू येतो. रात्री आठनंतर मी खालच्या बाजूला वाजवत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटातल्या बशा वाजतात.

एका मरिंबेवर दोन माणसं बसतात. खालच्या बाजूचा बोर्दोन धरतो, म्हणजे एकच घाट पुन्हा पुन्हा, पाया. वरच्या बाजूचा रेकिंता वाजवतो, त्याला मोकळीक. बरोबर दोन बोंबो, खांद्याला अडकवायचे मोठे ढोल, एक नर एक मादी. दोन कुनूनो, एका तोंडाचे, खाली निमुळते, हाताने वाजवायचे. तेही नर आणि मादी. आणि बायकांच्या हातात गुआसा: बांबूची नळी, आत बिया, आरपार ठोकलेल्या चोंटाच्या खुंट्या किंवा खिळे. गुआसाचा आवाज पावसाच्या सरीसारखा सगळ्यांवर पसरतो.

शिकवणीबद्दल. माएस्त्रो कागद-पेन काढत नाहीत. पहिले तीन शनिवार मला फक्त बोर्दोन दिला. कुर्रुलाओची, म्हणजे मरिंबेवरच्या नाचाच्या संगीताची, लय सहाची आहे. मी ती दादऱ्यासारखी मोजायला गेले आणि तिसऱ्या आवर्तनाला पडले. तीन-तीनचे दोन मोजावे तर बोंबो दोन-दोनचे तीन वाजवतो, आणि तिकडे वळावं तर मरिंबा परत तीन-तीनवर. दोन्ही एकाच वेळी खरं. माएस्त्रो म्हणाले, "मोजू नका, वेसीना. पाय टाका." मग अर्धा तास त्यांनी मला वाद्याला हातच लावू दिला नाही; अंगणात बोंबोवर नुसतं चालायला लावलं, गोल गोल. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पाय आपोआप पडू लागले आणि परत बसले तेव्हा डावा हात चुकला नाही.

चौथ्या शनिवारी गल्लीतल्या चार बायका आल्या. आजी मध्ये बसल्या, बाकीच्या बाजूला, हातात गुआसा. तिकडे मुख्य गाणारीला ग्लोसादोरा म्हणतात, बाकीच्या रेस्पोंदेदोरास. आपल्या शब्दांत सांगायचं तर आजी ओळ टाकणार, बाकीच्या झील धरणार. मी बोर्दोनवर. आजींनी बाळयेशूचं एक आरूयो उचललं. हे अंगाईच्या जातीचं गाणं, पण देवाला म्हणायचं. पहिली ओळ त्यांची एकटीची, बारीक, थरथरती. आणि दुसरीला झील उठली.

तो गंधार, जो चार आठवडे माझ्या कानाला टोचत होता, तो त्या पाच गळ्यांच्या मधोमध येऊन बसला. तो सूर चुकलेला नव्हताच. तो त्या गळ्यांचा होता, आणि गळे नसताना मी त्याला एकटं ऐकत होते. माझे हात चालू राहिले एवढंच. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

हे मी परीक्षणात मुद्दाम लिहिते आहे, कारण मरिंबा एकटी घरी नेऊन वाजवली तर तिचं निम्मंच मिळतं. तुम्हाला झील धरणारं कुणी मिळणार नसेल तर पियानोच्या सुरांतली घ्या. ती एकटीही गोड वाजते आणि तुमच्या ओळखीची गाणी तिच्यावर बसतील. जुन्या लावणीची घ्यायची तर गळे सोबत हवेत.

शिकवणीत गाण्यांचे प्रकार नुसते नावाने कळत नाहीत, प्रसंगासकट कळतात. कुर्रुलाओ नाचाचा. आरूयो संतांचा, नाताळचा. गुआपीत ७ डिसेंबरला सजवलेले तराफे मेणबत्त्या लावून नदीतून येतात, तेव्हाही आरूयोच. लहान मूल गेलं तर चिग्वालो. मूल देवदूत झालं, त्याची वाट रडून ओली करायची नाही, म्हणून रात्रभर गाणी आणि ढोल. मोठं माणूस गेलं तर आलाबाओ, त्याला वाद्य नाही, नुसते गळे. मी माएस्त्रोंना आलाबाओ शिकवायला सांगितला तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, "तो शनिवारी शिकवायचा नसतो." मी पुन्हा विचारलं नाही.

आता मंचाबद्दल, कारण वाद्य घेतलं की तो प्रश्न येतोच.

ऑगस्टमध्ये कालीत पेत्रोनियो आल्वारेस महोत्सव भरतो. १९९७ पासून चालू आहे, प्रवेश सगळ्यांना फुकट. ज्यांच्या नावाने भरतो ते पेत्रोनियो आल्वारेस बुएनावेंतुराचे, रेल्वेत नोकरीला होते आणि गाणी रचायचे. मरिंबा आणि गाणी हा स्पर्धेचा एक गट. चोको प्रांताकडच्या चिरिमीया नावाच्या क्लॅरिनेटवाल्या ताफ्यांचा दुसरा. काऊकाच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या व्हायोलिनचा तिसरा. आणि एक मोकळा गट, जिथे काहीही मिसळलेलं चालतं. आम्ही तीन संध्याकाळी गेलो. हजारो माणसं पांढरे रुमाल हवेत फिरवतात, विचे नावाची उसाची घरगुती दारू छोट्या पेल्यांतून फिरते, आणि सायंकाळच्या उकाड्यात खोबऱ्याच्या दुधातल्या माशांचा वास. विचे कधीकाळी चोरून विकायला लागायची. २०२१ च्या कायद्याने तिला किनाऱ्याच्या कृष्णवर्णीय समाजाचा वारसा मानलं. आजींना व्हीलचेअरवरून नेलं होतं. तिंबिकीचा एक गट मंचावर आला तेव्हा त्यांनी रुमाल मागितला, माझ्याकडे नव्हता, मी ओढणी दिली.

एवढ्या मोठ्या गर्दीत, एवढ्या तरुण मुलांच्या तोंडी ही गाणी आहेत, हे या महोत्सवाचं मोठं काम आहे. माएस्त्रो सांगतात की त्यांच्या लहानपणी कालीत 'किनाऱ्याकडचा' म्हटलं की लोक तोंड फिरवायचे. आता त्यांच्या नातीच्या शाळेत मुली हौसेने डोक्याला फेटा बांधून येतात.

मात्र ऑक्टोबरमध्ये मरिंबा घेऊन आम्ही एका सभागृहात गेलो होतो, त्याबद्दल लिहायलाच हवं. नाव नको. माएस्त्रोंचा गट, आजी, चार बायका, आणि माझी मरिंबा, कारण त्यांची स्वतःची पियानोच्या सुरांतली होती आणि आजींना ही हवी होती. आयोजकांनी आठ मिनिटं दिली होती. कुर्रुलाओला आठ मिनिटांत अंगात घामसुद्धा येत नाही. त्यात त्यांनी आपणहून कीबोर्डवाला बसवला होता, "भरीव वाटावं म्हणून". पहिल्या ओळीलाच कीबोर्डचा गंधार आणि मरिंबेचा गंधार एकमेकांवर घासले. ध्वनिव्यवस्थेच्या मुलाला वाटलं मरिंबा बिघडली आहे, म्हणून त्याने तिचाच आवाज खाली ओढला. लाकूड दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आजींनी गाणं थांबवलं. मायक्रोफोन बाजूला सारला आणि कीबोर्डवाल्याकडे बघून, अगदी मायेने, हाताने 'बस, बाळा' अशी खूण केली. त्याने हात उचलले. मग मायक्रोफोनशिवाय त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली. पहिल्या चार रांगा शांत झाल्या, मग दहा, मग सभागृह. आठ मिनिटांची अठरा झाली आणि कुणी घड्याळ दाखवलं नाही. कार्यक्रमानंतर तोच कीबोर्डवाला मुलगा येऊन मरिंबेच्या पट्ट्या एकेक वाजवून बघत होता, गंधारावर सारखा परत येत होता. माएस्त्रोंनी त्याला शनिवारी बोलावलं. तो येतो.

माझं मत एवढंच आहे की मोठ्या मंचासाठी जे करायचं ते करावं, सॅक्सोफोन घ्यावा, दिवे लावावेत, परदेशात जावं. कानालोन दे तिंबिकीसारखा गट २०१९ मध्ये लॅटिन ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचला तो गाणं नदीवरचंच ठेवून, तेव्हा दोन्ही होऊ शकतं. पण प्रत्येक गटाकडे, प्रत्येक शाळेकडे एक तरी मरिंबा गळ्याला लावलेली असावी. गुआपीचे मरिंबावादक होसे आंतोनियो तोर्रेस, ज्यांना सगळे ग्वालाहो म्हणायचे, ते २०१८ साली गेले. तसे कान असलेले हात आता थोडे उरले आहेत, आणि पियानोच्या सुरांतली मरिंबा कुणालाही यंत्र लावून करता येते. दुसरी तशी करता येत नाही. तिच्यासाठी स्वयंपाकघरात आजी लागते.

घेणाऱ्यांसाठी उरलेलं थोडक्यात. एकवीस पट्ट्यांची मरिंबा लिफ्टमध्ये आडवी मावत नाही. नळ्या काढून, पट्ट्यांची दोरी गुंडाळून न्यावी लागते, आणि नळ्यांवर आधी खडूने आकडे घालून ठेवा. आम्ही घातले नव्हते, पहिल्यांदा जोडायला पूर्ण दुपार गेली. दोरी नायलॉनची घेऊ नका, पट्टी तिच्यावर घसरते. विमानातून न्यायची असेल तर घोडी इथेच सोडा आणि तिकडे सुताराकडून करून घ्या. आणि कारागिराला आधीच विचारा की वर्षभराने पट्ट्या पुन्हा लावून देणार का. माझे माएस्त्रो देतात, पैसे घेत नाहीत, दर वेळी आजींसाठी काहीतरी गोड आणा म्हणतात. मी रव्याचे लाडू नेते. आजींना ते चोंतादुरो या तिकडच्या ताडाच्या फळापेक्षा आवडतात असं त्या म्हणाल्या, पण चोंतादुरो विकणाऱ्या शेजारणीसमोर नाही.

या आठवड्यात अठरावी पट्टी पुन्हा चढली आहे. बाकीच्या वीस जागेवर आहेत. शनिवारी ती एकटी फडक्यात गुंडाळून घेऊन जाते आहे. आजींची तब्येत जरा नरम आहे, पण ऐकायला बसेन म्हणाल्या आहेत.